बर्लिनचे दोन नभोवाणी-वाद्यवृंद : नामसाम्य, परंपरा व साधनें

एका नांवाच्या दोन व्यक्ति आणि एका व्यक्तीचीं दोन नांवें, या दोन संकटांची ओळख जुन्या कागदांत वावरणाऱ्यास करून द्यावयास नको. दप्तरांतील एखाद्या रुमालांत नुसता ‘कृष्णाजी’ किंवा ‘बाळाजी’ आढळला म्हणजे उपनांव, गांव, तिथि, शिक्का व हस्ताक्षर इतकें ताडून पाहिल्यावांचून तो कोण हें आपण ठरवीत नाहीं. मात्र तोच संशोधक विसाव्या शतकांतील ध्वनिमुद्रित साधनांकडे वळला म्हणजे तबकडीवरच्या कागदी चकतीवर जें छापलें असेल तें निमूटपणें टिपून घेतो, असा अनुभव आहे. वास्तविक त्या चकतीची योग्यता पोथीच्या अखेरच्या पुष्पिकेहून अधिक नाहीं. पुष्पिका ही लेखकाची असते, ग्रंथकर्त्याची नव्हे. आणि ती मूळ पोथीवरून तशीच उतरली गेल्यास तिच्यांतील शक मूळ पोथीचा असतो, हातांतील प्रतीचा नसतो. तबकड्यांची गोष्ट याहून निराळी नाहीं. या दृष्टीनें बर्लिन शहरांतील दोन नभोवाणी-वाद्यवृंदांचा इतिहास उद्‍बोधक असून त्यांतील घोंटाळा आजही अनेक संग्रहांच्या याद्यांत जिवंत आहे. तो उलगडून दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

प्रथम घोंटाळ्याचें स्वरूप. एका जातीच्या तबकड्यांवर ‘रुंडफुंक-सिंफोनी-ऑर्केस्टर बर्लिन’ असें नांव आढळतें; दुसऱ्या जातीच्या तबकड्यांवर ‘राडिओ-सिंफोनी-ऑर्केस्टर बर्लिन’ असें. जर्मन भाषेंत ‘रुंडफुंक’ हा देशी शब्द व ‘राडिओ’ हा परकी, एवढाच दोहोंत भेद. अर्थ दोहोंचा एकच, म्हणजे बर्लिन नभोवाणीचा वाद्यवृंद. जर्मन नांव जसेंच्या तसें छापलें आहे तोंवर निदान अक्षरांवरून भेद करतां येतो. परंतु हींच नांवें इंग्रजींत उतरलीं कीं दोन्ही एकाच शब्दसमूहांत बुडून जातात. वस्तुतः हे दोन वाद्यवृंद एकमेकांपासून सर्वस्वी भिन्न होते. १९६१ पासून १९८९ पर्यंत त्यांच्यामध्यें एक भिंत उभी होती आणि दोघे दोन परस्परविरोधी राजसत्तांच्या पैशावर चालत होते.

नभोवाणीच्या वाद्यवृंदाची संस्था मुळांत कशी उत्पन्न झाली हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. जर्मनींतील जुने वाद्यवृंद संस्थानिकांच्या दरबारांतून, नाट्यगृहांतून किंवा नगरसभांच्या आश्रयानें वाढले. नभोवाणी निघाली तेव्हां तिला रोज कित्येक तास संगीत हवें होतें, आणि त्या काळच्या तबकड्या ध्वनिक्षेपणास फारशा योग्य नव्हत्या; बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-पांच मिनिटांहून अधिक संगीत मावतही नसे. तेव्हां पगारी वादक बाळगणें हाच मार्ग उरला. जर्मनींत नभोवाणीची घटना प्रांतवार असल्यामुळें प्रत्येक मोठ्या केंद्रानें आपापला वाद्यवृंद उभारला. श्रोते समोर नसतां, केवळ ध्वनिग्राहक यंत्रापुढें बसून वाजविणें हें त्यांचें नित्यकर्म.

बर्लिनमध्यें नियमित ध्वनिक्षेपणास आरंभ २९ ऑक्टोबर १९२३ रोजीं रात्रीं आठ वाजतां, पोट्सडामर रस्त्यावरील ‘फॉक्स-हाउस’ नामक इमारतींतून झाला. तो काळ जर्मन चलनाच्या सर्वनाशाचा होता. दोनच दिवसांनीं पहिला श्रोता-परवाना बर्लिनमधील विल्हेल्म कोलहोफ नांवाच्या तंबाखू-विक्रेत्यास मिळाला, त्याची फी ३५० अब्ज मार्क होती. पंधरवड्यानंतर नवें नाणें आलें तेव्हां हा आंकडा इतिहासजमा झाला. परंतु किंमतींचा इतिहास लिहिणाऱ्यानें तो टिपून ठेवण्याजोगा आहे.

त्या रात्रींच्या पहिल्या चीजेविषयीं एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. ओटो उराक यांनीं चेलो या वाद्यावर, पियानोच्या साथीनें, एक ‘आंदांतीनो’ वाजविला. ही रचना फ्रिट्झ क्रायस्लर या सुप्रसिद्ध व्हायोलिनवादकानें अठराव्या शतकांतील पाद्रे मार्तिनी या इटालियन पंडिताच्या नांवावर प्रसृत केली होती. पुढें १९३५ साली क्रायस्लरनें जाहीर केलें कीं, अशा अनेक ‘जुन्या’ रचना आपण स्वतःच केल्या असून प्राचीनांच्या नांवावर घातल्या. म्हणजे जर्मन नभोवाणीच्या नित्य संगीताचा श्रीगणेशाच एका बनावट कर्तृत्वानें झाला! आपल्याकडे व्यास, शंकराचार्य व रामदास यांच्या नांवावर जें जें खपविलें गेलें त्याची छाननी करून दमलेल्यांस यांत कांहीं नवल वाटणार नाहीं. भेद इतकाच कीं, क्रायस्लरनें आपल्या हयातींतच पदर उघडा केला. आपले प्रक्षेपकार तितके उदार नव्हते.

आतां मुख्य प्रश्न. बर्लिनच्या दोहोंपैकीं जुना जो ‘रुंडफुंक’ वाद्यवृंद, तो आपला जन्म याच २९ ऑक्टोबर १९२३ पासून मोजतो, आणि त्याप्रमाणें २०२३ साली त्याची शताब्दि साजरी झाली. हा शक कितपत ग्राह्य मानावा? त्या रात्रीं वाजविणारे व गाणारे होते ते एकेकटे कलावंत. लहानशा खोलींत चेलो, पियानो, कंठगायन इत्यादि, आणि जोडीला कांहीं तबकड्या. सिंफोनी वाजवूं शकेल असा वाद्यवृंद त्या खोलींत मावलाही नसता. मात्र चेलो वाजविणारे उराक हेच त्या केंद्राचे पहिले संगीत-संचालक झाले आणि त्यांच्याच हाताखालीं वादकांचा मेळा वाढत गेला. तेव्हां माझ्या मतें १९२३ हा वंशाचा आरंभशक मानावा, घराच्या पायाभरणीचा नव्हे. याच कारणानें लाइप्झिगच्या नभोवाणी-वाद्यवृंदाशीं ज्येष्ठतेचा वाद संभवतो. लाइप्झिगचा मेळा तेथील नभोवाणीशीं १९२४ पासून जोडला गेला, परंतु त्याचे वादक तत्पूर्वींच एका संगीतसंस्थेचा पूर्ण वाद्यवृंद म्हणून एकत्र वाजवीत होते. नभोवाणीशीं संबंध आधीं कोणाचा असें विचारल्यास बर्लिन वडील ठरतें. सिद्ध वाद्यवृंद आधीं कोणाचा असें विचारल्यास लाइप्झिग. प्रश्न कसा मांडला यावर उत्तर अवलंबून असल्यानें दोन्ही घराण्यांनीं आपापला मान घ्यावा हें उत्तम.

उराक यांच्यामागून विल्हेल्म बुशकोटर व ब्रूनो झाइडलर-विंकलर यांनीं हा वाद्यवृंद चालविला. १९३१ च्या जानेवारींत मासुरेन-आले या रस्त्यावर ‘हाउस देस रुंडफुंक्स’, म्हणजे नभोवाणी-भवन, उघडण्यांत आलें. हान्स पोएल्त्सिग या स्थपतीची ही वास्तु नभोवाणीसाठीं मुद्दाम बांधलेल्या जगांतील आरंभींच्या इमारतींपैकीं एक होय. तिची योजना मार्मिक आहे. कचेऱ्यांच्या लांब ओळी बाहेरच्या कडेनें तटासारख्या फिरविल्या असून ध्वनिक्षेपणाचीं दालनें आंत घेतलीं आहेत, जेणेंकरून रस्त्याचा आवाज तटावरच थांबावा. देवळाचा प्राकार व गर्भगृह यांचा जो संबंध, तोच येथें. याच गर्भगृहासाठीं पुढें दोन राज्यें भांडलीं, तें पुढें येईलच.

या काळीं बर्लिन केंद्राचे प्रमुख हान्स फ्लेश हे होते. ते मूळचे वैद्यकाचे पदवीधर, संगीतकार पाउल हिंडेमिट यांचे साडू, आणि नभोवाणी ही स्वतंत्र कला आहे असें मानणाऱ्या पहिल्या थोड्या लोकांपैकीं एक. हिंडेमिट, शोएनबर्ग, स्ट्राविन्स्की, प्रोकोफिएव्ह अशा तत्कालीन नव्या संगीतकारांचा या वाद्यवृंदाशीं संबंध आला. १९३२ साली फ्लेश यांस पदावरून दूर करण्यांत आलें आणि १९३३ च्या ऑगस्टमध्यें नाझी सरकारनें त्यांस इतर नभोवाणी-प्रमुखांसह ओरानिएनबुर्ग येथील छळछावणींत टाकलें. पुढें सुटका झाली; पण १९४५ च्या एप्रिलमध्यें, बर्लिनच्या शेवटच्या लढाईंत, ते बेपत्ता झाले ते कायमचे. ऑयगेन योखुम हे १९३२ पासून १९३४ पर्यंत या वाद्यवृंदाचे संचालक होते. त्यांनींच पुढें १९४९ साली म्यूनिकचा बव्हेरियन नभोवाणी-वाद्यवृंद स्थापिला, म्हणून येथें नांव घेतलें.

याच उत्पातामुळें बर्लिनची एक धारा आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोंचली आहे. वॉल्टर काउफमान हे कार्ल्सबाडचे संगीतकार बर्लिनमध्यें शिकलेले. ज्यू असल्यामुळें युरोपांत राहणें धोक्याचें होऊन ते १९३४ साली मुंबईस आले. त्यांनीं येथें चेंबर संगीताची एक मंडळी स्थापिली, आणि १९३७ पासून १९४६ पर्यंत मुंबई नभोवाणींत युरोपीय संगीताचा विभाग सांभाळला. आकाशवाणीच्या कार्यक्रमांपूर्वीं वाजणारी ती प्रसिद्ध आरंभ-धून त्यांचीच म्हणून सर्वमान्य आहे. महाराष्ट्रांतील दोन-तीन पिढ्या ज्या सुरांवर पहांटे उठल्या, त्यांच्या मागें बर्लिनच्या शाळेंत शिकलेला एक निर्वासित उभा आहे, हें फारच थोड्यांस ठाऊक असतें.

आतां संग्राहकांच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळतों. तो म्हणजे चुंबकीय फितीचा. फ्रिट्झ फ्लॉयमर यानें १९२८ साली कागदावर लोहचूर्ण बसविण्याची युक्ति पेटंट केली. ‘आएगे’ कंपनीनें तिजवरून ‘मॅग्नेटोफोन’ यंत्र बनविलें व १९३५ साली बर्लिनच्या नभोवाणी-प्रदर्शनांत तें लोकांपुढें मांडलें. आरंभीं त्यांत खरखर फार. १९४० साली जर्मन नभोवाणीचेच तंत्रज्ञ फॉन ब्राउनम्यूल व वेबर यांनीं फितीवर मुद्रण होत असतां उच्च-वारंवारतेचा प्रवाह मिसळण्याची रीत काढली, आणि खरखर एकाएकीं इतकी कमी झाली कीं, ध्वनिक्षेपण ऐकणाऱ्यास समोर वादक बसले आहेत कीं फीत फिरत आहे हें ओळखूं येईना. फीत सेकंदास सुमारें ७७ सेंटिमीटर या वेगानें धांवे. हजार मीटरांचें एक रीळ बावीस मिनिटांच्या आंतच संपे. तबकडीच्या चार-पांच मिनिटांशीं तुलना केली म्हणजे हा केवढा पालट होता हें ध्यानीं येईल. ताडपत्राच्या तुकड्यांवरून एकदम लांब कागदी गुंडाळीवर यावें तसा हा प्रकार.

युद्धकाळांत बर्लिनच्या भवनांत अशा फिती मोठ्या संख्येनें जमल्या. त्यांतही हेल्मुट क्र्यूगर या तंत्रज्ञानें १९४३ पासून दोन कानांसाठीं दोन स्वतंत्र मार्ग मुद्रित करण्याचे, म्हणजे ज्यास आज स्टिरिओ म्हणतात त्याचे, प्रयोग केले. त्यांतील बहुतेक नष्ट झाले, मोजके वांचले. वांचलेल्यांपैकीं एक बेथोव्हेनच्या पांचव्या पियानो-कॉन्सर्टोचें आहे, जें ‘सम्राट’ या नांवानें ओळखलें जातें. पियानोवर वाल्टर गीझेकिंग, संचालक आर्तुर रोटर, वाद्यवृंद बर्लिन नभोवाणीचा. पहिल्या भागांतील मृदु जागीं लक्ष देऊन ऐकल्यास दूरवर विमानविरोधी तोफांचा गडगडाट ऐकूं येतो. वादक थांबत नाहींत. या मुद्रणाची तिथि मात्र निरनिराळ्या तबकड्यांवर निरनिराळी छापलेली आढळते. कोठें १९४४ सालचे उत्तरार्धांतील महिने, तर कोठें जानेवारी १९४५. पाठभेद आहेत तेथें एक पाठ मनानें निवडून बाकीचे गाळूं नयेत; संग्राहकांनीं आपल्या यादींत ‘१९४४ अखेर किंवा १९४५ आरंभ’ असेंच लिहावें. तोफांचा आवाज ही तिथिनिश्चयाची अंतर्गत साक्ष खरी, पण ती शहरावरील हल्ल्यांचें कोष्टक लावून ताडली पाहिजे. एका कानाच्या जोरावर नव्हे.

युद्ध संपलें तेव्हां या फितींपैकीं पुष्कळशा सोविएत सैन्यानें मॉस्कोस नेल्या. तेथें त्या दशकानुदशकें राहिल्या आणि तेथूनच कांहींच्या तबकड्या निघाल्या. १९८७ साली कांहीं, व १९९१ साली त्याहून पुष्कळ अधिक, अशा त्या बर्लिनला परत पोंचल्या. मधल्या काळांत पश्चिमेकडे ज्या तबकड्या फिरत होत्या त्या नकलेच्या नकला होत्या. कित्येकांचा वेगच चुकलेला, त्यामुळें स्वर चढलेला. ‘युरेनिया’ नामक अमेरिकन कंपनीनें १९५३ च्या सुमारास बर्लिनहून मिळविलेल्या फितींवरून काढलेली फुर्टव्हेंगलर यांची बेथोव्हेनची तिसरी सिंफोनी याच दोषामुळें कुप्रसिद्ध आहे. तिच्यावरून संचालकानें कोर्टांत फिर्यादही केली. अस्सल, नक्कल व नकलेची नक्कल यांतील तारतम्य ज्यांस मोडी कागदांत कळतें त्यांनीं तें येथेंही लावावें: स्वर चढा आला तर प्रथम संशय फितीच्या वेगाचा घ्यावा, वादकांचा नव्हे.

१९४५ च्या मे महिन्यांत शहर पडलें. नभोवाणी-भवन पुढें ज्या भागांत आलें तो ब्रिटिशांचा विभाग. पण भवन सोविएतांनीं आधीं ताब्यांत घेतलें होतें व तें त्यांनीं सोडलें नाहीं. ब्रिटिश हद्दींत सोविएत अंमलाखालील नभोवाणी, असा चमत्कार तेथें सात वर्षें चालला. जुना वाद्यवृंद या नभोवाणीकडे राहिला. सर्जिउ चेलिबिडाखे यांनीं थोडा काळ त्याचें संचालन केलें, व त्यांच्यामागून वर उल्लेखिलेले रोटर १९४९ पर्यंत राहिले. अमेरिकनांस सोविएतांच्या हातीं नसलेली नभोवाणी हवी होती, म्हणून १९४६ च्या फेब्रुवारींत त्यांनीं प्रथम टेलिफोनच्या तारांवरून ध्वनिक्षेपण सुरू केलें आणि त्याच वर्षीं त्यास ‘रिआस’ हें नांव दिलें. याच केंद्रानें १५ नोव्हेंबर १९४६ रोजीं आपला स्वतंत्र वाद्यवृंद उभारला. हाच आपल्या कथेंतील दुसरा पुरुष.

दुसऱ्याचें भाग्य असें कीं, त्यास १९४८ च्या अखेरीस फेरेंत्स फ्रिचाय हा हंगेरियन संचालक लाभला. बर्लिनची नाकेबंदी चालू होती, अन्न व कोळसा विमानांतून येत होता, आणि अशा हिंवाळ्यांत त्यानें नव्या वादकांस वळण लावलें. डालेम भागांतील येशु-ख्रिस्त चर्चमध्यें या वाद्यवृंदाचें ध्वनिमुद्रण होई. त्या वास्तूचा नाद इतका चांगला कीं, जर्मनींतील कित्येक नामांकित तबकड्या तेथेंच तयार झाल्या. मोझार्टच्या ‘जादूची बांसरी’ या संगीतिकेचें १९५५ साली बाहेर आलेलें मुद्रण ‘रिआस’ वाद्यवृंदाचें आहे. १९५८ च्या ‘डॉन जोव्हान्नी’वर मात्र ‘राडिओ-सिंफोनी-ऑर्केस्टर बर्लिन’ असें छापलें आहे. वादक तेच, संचालक तोच, मोझार्ट तोच. मधल्या काळांत नांव पालटलें.

हें नांव कां पालटलें तें समजून घेण्यासारखें आहे. १९५३ साली अमेरिकन पैसा आटला व केंद्रानें वादकांचे करार संपविले. अशा वेळीं बहुतेक मेळे फुटतात. येथें वादकांनींच मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली व आपला वाद्यवृंद आपणच चालविला. आज ध्वनिमुद्रण, उद्यां जलसा, अशी कमाई करीत त्यांनीं दिवस काढले. फ्रिचाय १९५४ साली निघून गेले. पुढें पश्चिम बर्लिनची नवी नभोवाणी, ‘झेंडर फ्रायस बर्लिन’, ‘रिआस’च्या जोडीनें या खर्चांत भागीदार झाली. आतां एकाच केंद्राचें नांव ठेवणें अयोग्य म्हणून १९५६ साली ‘राडिओ-सिंफोनी-ऑर्केस्टर’ असें सामान्य नांव घेण्यांत आलें. आणि शहराच्या दुसऱ्या भागांत तशाच अर्थाचें नांव आधींच नांदत होतें, याची अडचण त्या वेळीं कोणास फारशी वाटली नसावी. दोन्ही पक्ष एकमेकांचें अस्तित्वच मान्य करीत नव्हते! फ्रिचाय १९५९ साली परतले. पण दुखण्यानें त्यांस फार दिवस दिले नाहींत. १९६३ च्या फेब्रुवारींत, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, ते वारले. त्यांच्यामागून लोरिन माझेल, व १९८२ पासून रिकार्दो शायी, हे मुख्य संचालक झाले.

जुन्या वाद्यवृंदाचें इकडे काय झालें? १९५२ च्या जूनमध्यें ब्रिटिश सैनिकांनीं मासुरेन-आले येथील भवनास तारांचें कुंपण घातलें. पूर्वेकडील सरकारनें त्यापूर्वींच शहराच्या आग्नेयेस, श्प्रे नदीकांठीं नालेपा रस्त्यावर, नवें नभोवाणी-केंद्र बांधावयास घेतलें होतें. त्याच वर्षीं सर्व कारभार तिकडे हलला. फ्रान्त्स एर्लिश यांनीं योजिलेल्या तेथील मोठ्या दालनाची ध्वनिगुणासाठीं आजही ख्याति आहे. रिकामें झालेलें जुनें भवन १९५६ साली पश्चिम बर्लिनच्या हातीं आलें. हेर्मान आबेनड्रोट १९५३ पासून १९५६ साली मरण येईपर्यंत, रोल्फ क्लाइनेर्ट १९५९ पासून १९७३ पर्यंत, आणि हाइन्त्स रोग्नर १९७३ पासून १९९३ पर्यंत, असा पूर्वेकडील संचालकांचा क्रम आहे. पश्चिमेकडील लेखकांनीं या चाळीस वर्षांची बहुधा उपेक्षा केली. रोग्नर यांनीं मुद्रित केलेल्या ब्रुकनरच्या सिंफोनी ऐकल्या म्हणजे ती उपेक्षा अज्ञानमूलक होती असें म्हणणें भाग पडतें.

आतां हातीं आलेली तबकडी दोहोंपैकीं कोणाची हें ओळखावयाचें कसें? केवळ वाद्यवृंदाच्या नांवावर विसंबूं नये, विशेषतः तें इंग्रजींत असेल तर. संचालकाचें नांव पाहावें. तें बहुधा निर्णायक असतें. फ्रिचाय, माझेल, शायी हे पश्चिमेचे. आबेनड्रोट, क्लाइनेर्ट, रोग्नर हे पूर्वेचे. रोटर मात्र दोन्हीं बाजूंस दिसतात, तेथें सांवध राहावें. पाहुणे संचालक असल्यास कंपनी पाहावी. ‘एटेर्ना’ ही पूर्व जर्मन सरकारी कंपनीची मुद्रा. ‘डॉइच ग्रामोफोन’ पश्चिमेची. पण पूर्वेकडील ध्वनिमुद्रणें परवान्यानें पश्चिमेकडील कंपन्यांच्या नांवाखालींही निघत, म्हणून कंपनीची साक्ष एकट्यानें पुरी पडत नाहीं. मुद्रणाचें स्थळ दिलें असल्यास तें सोन्याहून मोलाचें: डालेमचें चर्च पश्चिमेकडे बोट दाखवितें, नालेपा रस्ता पूर्वेकडे. १९४६ च्या नोव्हेंबरपूर्वींचें मुद्रण असेल तर प्रश्नच उरत नाहीं, कारण तेव्हां दुसरा वाद्यवृंद जन्मलाच नव्हता.

१९८९ च्या नोव्हेंबरांत भिंत पडली आणि एका शहरांत एका अर्थाचीं दोन नांवें समोरासमोर आलीं. जुन्या वाद्यवृंदाकडे १९२३ चा वारसा होता, तेव्हां नांव सोडण्याची पाळी धाकट्यावर आली. १९९३ साली त्यानें ‘डॉइचेस सिंफोनी-ऑर्केस्टर बर्लिन’ असें तिसरें नांव धारण केलें. व्याकरणांत ‘स्थानी’ व ‘आदेश’ अशी एक उपपत्ति आहे: एका रूपाच्या जागीं दुसरें आलें तरी कांहीं कार्यांपुरतें नवें रूप जुन्यासारखेंच मानावयाचें. ‘रिआस’, ‘राडिओ’ व ‘डॉइचेस’ हीं तीन नांवें याच न्यायानें एका वाद्यवृंदाचीं समजावीं, आणि यादी करतांना तिन्हींखालीं परस्पर निर्देश द्यावा. कांहीं ग्रंथालयांच्या सूचींत हे तीन निराळे वाद्यवृंद म्हणून नोंदलेले पाहिले आहेत. उलट ‘राडिओ’ व ‘रुंडफुंक’ हे दोन निराळे असून एकाखालीं कोंबलेले. असा दुहेरी उलटा न्याय फार थोड्या ठिकाणीं सांपडेल.

१९९४ साली दोन्ही वाद्यवृंद व दोन गायकवृंद मिळून एक संयुक्त संस्था स्थापन झाली. तींत ‘डॉइचलांडराडिओ’चा वांटा शेंकडा ४०, संघराज्याचा ३५, बर्लिन प्रांताचा २० व तेथील स्थानिक नभोवाणीचा ५ आहे. एकाच छपराखालीं दोन सिंफोनी-वाद्यवृंद पोसणें हिशेबनिसांस खुपणें साहजिक होतें. २००९ साली दोघांस एकत्र करण्याचा बेत निघाला. विरोध होऊन तो मागें पडला. ही भीति पोकळ नव्हती हें नैर्ऋत्य जर्मनीनें दाखविलें. तेथील श्टुटगार्टचा वाद्यवृंद १९४५ चा व बाडेन-बाडेन आणि फ्राइबुर्गचा १९४६ चा. दुसऱ्यानें डोनाउएशिंगेनच्या उत्सवांत कितीएक नव्या रचना प्रथम वाजविल्या होत्या. २०१६ साली दोघांस मिळवून एक करण्यांत आलें. जगांतील अनेक संगीतकारांनीं सह्या केल्या, उपयोग झाला नाहीं. त्या दोहोंचीं नांवें आतां केवळ तबकड्यांवर व दप्तरांत उरलीं आहेत.

दप्तरांविषयीं दोन शब्द अवश्य लिहिले पाहिजेत. जर्मन नभोवाणीचें सामाईक ध्वनिसंग्रहालय १९५२ साली फ्रांकफुर्टमध्यें स्थापन झालें, व पूर्व जर्मन नभोवाणीचीं साधनें त्याच संस्थेच्या पोट्सडाम-बाबेल्सबर्ग येथील शाखेंत आहेत. ‘रिआस’च्या मूळ फिती ‘डॉइचलांडराडिओ’कडे असून त्यांवरून गेल्या कांहीं वर्षांत फ्रिचाय यांचीं कित्येक मुद्रणें नव्यानें, शुद्ध वेगानें, प्रसिद्ध झालीं आहेत, जुन्या नकलांवरून ज्यांनीं मतें बनविलीं असतील त्यांनीं तीं या प्रतींशीं ताडून पाहावीं. फितींहून दुर्लक्षित असें एक साधन म्हणजे वादकांच्या सुट्या वह्या. संचालकापुढें सर्व वाद्यांचा एकत्र लेख असतो, पण प्रत्येक वादकापुढें त्याच्या वाद्यापुरतीच वही असते. तीवर शिसपेनीनें धनुष्य कोठें वर न्यावयाचें, कोणती ओळ गाळावयाची, कोणत्या संचालकानें गति किती ठेवली, अशा खुणा पिढ्यान्‌पिढ्या सांठत जातात. आपल्या पोथ्यांच्या समासांतील टिपणांसारखेंच हें धन. छापील प्रत एकसारखी असली तरी अशी वही एकच असते, आणि नवी प्रत विकत आली कीं प्रथम हीच रद्दींत जाण्याचा संभव असतो.

सांप्रत जुन्या वाद्यवृंदाचे प्रमुख व्लादीमिर युरोव्स्की हे २०१७ पासून आहेत. त्यांच्यापूर्वीं राफाएल फ्रूबेक दे बुर्गोस व मारेक यानोव्स्की होऊन गेले. धाकट्याकडे शायी यांच्यानंतर व्लादीमिर अश्केनाझी, केंट नागानो, इंगो मेट्समाखर, तुगान सोखिएव्ह व २०१७ पासून २०२४ पर्यंत रॉबिन टिचाटी आले. पुढील प्रमुख म्हणून काझुकी यामादा यांची निवड झाली आहे. पोएल्त्सिगच्या भवनांत जुना वाद्यवृंद पुन्हां वाजवूं लागला असून, धाकट्याच्या तालमीच्या दालनास फ्रिचाय यांचें नांव आहे. तोफांच्या आवाजासह वांचलेली ती ‘सम्राट’ची फीत वंशक्रमानें जुन्याच्या खातीं पडते, आणि ज्यांच्या संग्रहांत तिची तबकडी असेल त्यांनीं ती ‘रुंडफुंक’ या नांवाखालीं, १९४६ पूर्वींच्या विभागांत, ठेवावी.